कंट्रोलच्या तीन टबांची नोंद

आमच्या घरात जेवताना माशांच्या यकृताबद्दल बोललं जात असे. बोलणारे दोघे होते, माझे वडील आणि माझी बायको. मी वरण वाढून घेत असे.

हे तीन वर्षं चाललं. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. उज्जैनच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तंत्रज्ञ म्हणून चौतीस वर्षं काढली होती. काम एकच. प्राण्याच्या अवयवाचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचपट्टीवर चढवून रंगवायचे. प्राध्यापक सूक्ष्मदर्शकातून जे पाहत आणि ज्यावर प्रबंध लिहीत, ते बाबांच्या हातून गेलेलं असे. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर त्यांचं नाव शेवटून दुसरं यायचं. शेवटचं टायपिस्टचं.

बायको एकोणचाळीस वर्षांची होती आणि शहरातल्या दुसऱ्या महाविद्यालयात अतिथी विद्वान होती. मध्य प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकाला हे भारदस्त नाव आहे. नोकरी पक्की व्हायची तर पीएच.डी. हवी होती. सोयाबीनवर फवारतात त्यातलं एक कीटकनाशक, मासा मरणार नाही इतक्या थोड्या मात्रेत पाण्यात असलं, तर माशाच्या यकृतातल्या पेशी काय करतात, हा तिचा विषय. तो ठरवताना ती बाबांशी बोलली होती. मला तो नोंदणीच्या कागदावर कळला.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक आहे. दुपारी चारला जातो आणि मध्यरात्रीनंतर परततो. इतरांची वाक्यं सरळ करणं हे माझं काम. आमच्या धंद्यात हेतू लिहीत नाहीत, घटना लिहितात. म्हणून घटना लिहितो. बाबा तिला 'बेटा' म्हणत. मला त्यांनी कधी बेटा म्हटल्याचं आठवत नाही. ते मला नावाने हाक मारत, आणि तीही बहुतेक वेळा गॅसची टंकी आली की.

मी अकरा वर्षांचा असताना शाळेला सुटी होती म्हणून ते मला प्रयोगशाळेत घेऊन गेले होते. मायक्रोटोम नावाचं यंत्र मी तेव्हा पाहिलं. त्याला एक चाक असतं. चाक फिरवलं की मेणाचा ठोकळा खाली येतो, पात्यावरून जातो आणि एक काप निघतो. पुढचा काप आधीच्याच्या कडेला चिकटतो, त्याला तिसरा, अशी फीत तयार होते. ही फीत बारीक ब्रशाने उचलायची आणि कोमट पाण्यावर उतरवायची. ब्रश ते पाणी हे अंतर वीतभराचं असतं. तेवढ्या वेळात खोलीत कोणी श्वास सोडत नाही. मी कोपऱ्यात स्टुलावर मासिक वाचत बसलो होतो. फीत ब्रशावर असताना मी पान उलटलं.

तेवढी हवा पुरली. फीत वळली, स्वतःला चिकटली आणि फरशीवर पडली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी ती चिमटीने उचलली, कचऱ्यात टाकली आणि शिपायाला म्हणाले, "ह्याचं काम नाही हे. ह्याला बाहेर बसव." मी बाहेर बसलो. नंतर मला कोणी आत बोलावलं नाही.

निवृत्तीच्या वर्षी महाविद्यालयाने जुना मायक्रोटोम भंगारात काढला आणि बाबांनी तो घरी आणला. माधव नगरातल्या आमच्या घरात जेवणाचं टेबल लांब आहे. त्याच्या एका टोकाला तो बसला. आई तेव्हा होती. ती त्याच्यावर टॉवेल घालून ठेवायची. आई गेल्यावर टॉवेल तसाच राहिला. बायकोचा विषय मंजूर झाला त्या आठवड्यात तो निघाला.

ती पहिल्यांदा फीत उचलायला बसली तेव्हा मी समोर पोहे खात होतो. तिने ब्रश घेतला आणि तिचा श्वास आपोआप थांबला. फीत पाण्यावर सरळ उतरली.

"हिला सांगावं नाही लागलं," बाबा म्हणाले. ते कोणाला उद्देशून होतं कोण जाणे. खोलीत तिसरा मीच होतो.

त्यांच्या बोलण्यातून विषय मला कळत गेला. विष लागलं की पेशी लगेच मरत नाही. आधी ती तयारी करते. पेशीतलं बरंचसं काम प्रथिनं करतात आणि प्रत्येक प्रथिनाला ठरलेली घडी असते. विषाने, उष्णतेने किंवा आणखी कशाने घडी मोडली की प्रथिन निकामी होतं आणि शेजारच्याला जाऊन चिकटतं. अशा वेळी पेशी दुसऱ्या एका जातीची प्रथिनं भराभर बनवते. त्यांचं काम एकच, मोडलेल्या घड्या पुन्हा घालायच्या. मासा वरून धडधाकट दिसतो, पोहतो, खातो. आत यकृतात ही धावपळ चालू असते. एका खास रंगाने काप रंगवला की ही सावरणारी प्रथिनं तपकिरी दिसतात. तपकिरी जास्त तर ताण जास्त.

हे मी चार वेळा वाचून लिहिलं आहे. बाबांनी ते एका दुपारी भाजी निवडता निवडता सांगितलं होतं.

"बेटा, असं समज," ते तिला म्हणाले, "पेशी म्हणजे कपड्यांनी भरलेलं घर. विष आलं, सगळ्या घड्या विस्कटल्या. मग काय होतं? मोहल्ल्यातले सगळे प्रेसवाले इस्त्र्या घेऊन धावत येतात. आपण कपडे नाही मोजत. आपण प्रेसवाले मोजतो."

"बाबा, हे मी व्हायवात सांगते."

"सांग की. माझं नाव नको घेऊ, फेल करतील."

दोघं हसली. मी आत शर्ट घालत होतो. वीस वर्षं मी वाक्यं तपासतो. हे वाक्य पहिल्या पानावर जाण्यासारखं होतं आणि ते माझ्या घरात, माझ्या बापाने, मला सोडून दुसऱ्या माणसाला सांगितलं होतं.

माशांची पिल्लं रोहूची होती, बोटाएवढी. मत्स्यवाले त्यांना बोटुकली म्हणतात. ती प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बसने देवास गेटला आली. आणायला मी स्कूटर घेऊन गेलो, मागे बाबा पिशव्या मांडीवर घेऊन बसले. प्रत्येक गतिरोधकाला त्यांनी मला खांद्यावर टोचलं.

"हळू नं यार. आत जीव आहेत."

मी लहानपणी त्यांच्या सायकलवर पुढे बसत असे. तेव्हा ते असं काही म्हणाल्याचं आठवत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी मिळाली होती, सगळं महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्हायचं होतं. पण हिवाळ्याच्या तोंडावर निवडणूक लागली आणि इमारत मतदान यंत्रं ठेवायला घेतली गेली. वर्ग दुसरीकडे सकाळपाळीत हलले. माशांना दुसरी इमारत नव्हती. बायकोने लेखी परवानगी काढली आणि नऊ टब आमच्या मागच्या गॅलरीत आले. तीन टबांत कीटकनाशकाची कमी मात्रा, तिनांत थोडी जास्त, आणि तिनांत काहीच नाही. हे शेवटचे तीन म्हणजे कंट्रोल. त्यांच्याशी तुलना करूनच बाकीच्यांचं काही सांगता येणार होतं. कंट्रोल बिघडला तर सगळंच बिघडलं, असं बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं. गॅलरीत उदबत्ती लावायची नाही, फिनाइल टाकायचं नाही, मच्छर अगरबत्ती तर बिलकुल नाही, हेही सांगितलं. मी मान हलवली.

प्रत्येक टबाला हवेची नळी लागते. गॅलरीत विजेचं एकच बटण होतं. त्यावर सहा टबांचा पंप चालला. कंट्रोलच्या तीन टबांचा दुसरा पंप मागच्या खोलीच्या खिडकीत ठेवला आणि नळ्या जाळीतून बाहेर काढल्या. मागची खोली माझी होती. उशिरा येतो म्हणून मी तिथे वेगळा झोपत असे. पंपाची पिन खिडकीखालच्या बोर्डात लागली. त्याच बोर्डात माझी मच्छर मारायची मशीन लावलेली असे, बाटलीवाली. ती मी झोपताना चालू करत असे आणि सकाळी आठला उठलो की बंद.

गॅलरीच्या दारामागे खिळ्याला एक वही टांगली होती. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, माशांचं वागणं, सही. सहीच्या रकान्यात दोनच अक्षरं येत, बायकोचं आणि बाबांचं. पाहणी दुपारी बाराला व्हायची, ती कॉलेजातून आली की. बाबा सकाळी फिरायला, मग मंदिरात, मग भाजीला जात आणि तिच्या वेळेवर परतत. ती आल्याशिवाय ते गॅलरीत पाऊल टाकत नसत. दोघांची ती वेळ ठरलेली होती.

सकाळी आठला मासे पाहणारा घरात मी एकटा होतो.

पहिला आठवडा काही नव्हतं. नवव्या सकाळी मशीन बंद करायला उठलो तेव्हा खिडकीतून कंट्रोलचे टब दिसले. मासे वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते. एक जण मध्येच झटका आल्यासारखा टबाच्या भिंतीवर जाई. बाकीच्या सहा टबांत असं नव्हतं. मी चहा केला. दहाच्या सुमाराला परत पाहिलं तर ते खाली गेले होते. बाराला दोघं आली, थर्मामीटर बुडवला, वहीत 'सामान्य' लिहिलं.

दहाव्या दिवशी तसंच, अकराव्याला तसंच. पुढे रोज. मला त्याचा अर्थ कळत नव्हता हे खरं आहे. मी विचारलं नाही हेही खरं आहे. वही खिळ्याला होती, पेन दोरीने बांधलेलं होतं. त्या वहीत माझ्या सहीला जागा नव्हती आणि मला कोणी पाहायला सांगितलं नव्हतं. अठ्ठावीस दिवस पुरे झाले. तोवर इमारत मोकळी झाली होती. मासे महाविद्यालयात नेले, यकृतं काढली, बाबांनी मेणात बसवली आणि डिसेंबरभर टेबलाच्या टोकाला चाक फिरत राहिलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बायको विद्यापीठातून रंगवलेल्या काचपट्ट्या घेऊन आली आणि चप्पल न काढता टेबलाशी बसली. बाबांनी सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"ही कुठली?"

"कंट्रोल."

"आणि ही?"

"ती पण कंट्रोल. तिन्ही टबांची तीच गत आहे बाबा. सगळं तपकिरी. जास्त मात्रेवाल्यांपेक्षासुद्धा जास्त."

तिने मार्गदर्शकांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. ते हिंदीत बोलत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या माशांना विष दिलंच नाही त्यांच्यात एवढा ताण असू शकत नाही. काप जाड आले असणार. जाड कापात रंग जास्त बसतो. वडिलांचं वय झालं आहे, यात त्यांना दोष नाही, पण आता हे काम इंदूरला नव्या यंत्रावर करून घ्या.

बाबांनी डावा हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला. तो हात वर्षभरापासून थोडा कापत असे. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे.

"बाकीच्या सहा टबांचे काप पण तुमचेच आहेत नं?" बायको म्हणाली. "ते तर एकदम बरोबर आहेत."

"कंट्रोल शेवटी कापले, बेटा. थकलो होतो मी. हात गेला."

"असा एका आठवड्यात नाही जात हात."

"जातो. जायचा असला की जातो."

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते लिहायला हवं. आलं ते असं: आता ह्यांनाही बाहेर बसवलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. बाबांना सकाळी काम उरलं नाही. ते नऊला माझ्या दाराशी येत. "चल, एक चक्कर मारू." आम्ही टावर चौकापर्यंत चालत जात असू. तिथल्या दुकानात ते पोह्यांवर शेव जास्त घालायला सांगत आणि मग तक्रार करत की शेवच फार आहे. वीस वर्षांत त्यांनी मला माझ्या कामाबद्दल विचारलं नव्हतं. आता ते दुकानातला पेपर उघडून बोट ठेवत.

"हे हेडिंग तुझं?"

"हो."

"छोटं आहे. बढिया आहे."

एकदा त्यांनी मला विचारलं की चुकीची बातमी छापली गेली तर काय करता. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी खुलासा देतो, आतल्या पानावर, लहान अक्षरात. ते खूप हसले. दुकानदाराला म्हणाले, "सुना भिया? गलती पहले पन्ने पर, माफी अंदर!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. तो हात कापत होता, ते मला शर्टातून कळत होतं. घरी बायको इंदूरच्या प्रयोगशाळांना फोन लावत होती.

जानेवारीच्या अखेरीला मी रविवारच्या पुरवणीसाठी घरात मासे पाळणाऱ्यांवर एक मजकूर केला. त्यासाठी फ्रीगंजातल्या एका मत्स्यालयाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काचेच्या टाक्या दाखवल्या, खाणं दाखवलं, आणि मी निघताना म्हणाला:

"एक बात जरूर लिखना भिया. पंप के पास मच्छर वाली मशीन मत लगाना. पंप कमरे की हवा खींचता है, वही हवा मच्छी को पिलाता है. सुबह देखो तो मच्छी ऊपर आके मुँह मार रही. लोग पानी बदलते रहते हैं, बोर्ड की तरफ कोई देखता नहीं."

मी ते वहीत उतरवून घेतलं. मग स्कूटरवर बसून पुन्हा वाचलं. नंतर शोधून खात्रीही केली. त्या बाटलीत जे असतं ते माणसाच्या शरीरात बऱ्यापैकी लवकर मोडतं. माशाच्या शरीरात ते मोडायची सोय फार कमी असते, म्हणून अगदी थोडंही त्याला पुष्कळ होतं. तेही एक कीटकनाशकच. अठ्ठावीस रात्री माझ्या खोलीची हवा तीन टबांत जात होती. कंट्रोलच्या माशांना विष दिलं गेलं होतं. काप जाड नव्हते.

मजकूर मी त्याच दिवशी लिहिला. दुकानदाराने जे एक वाक्य जरूर लिही म्हणून सांगितलं होतं, ते मी गाळलं. घरात तो पेपर येतो.

रविवारी बाबांनी तो मजकूर टावर चौकात बाकावर बसून पूर्ण वाचला. चष्मा काढला. "मुद्देसूद आहे," ते म्हणाले. "काही सुटलं नाही."

मी आणखी गप्प राहिलो. मत्स्यालयाच्या दुकानातून निघाल्यापासून एकूण एकोणीस दिवस. रोज सकाळी पोहे होते. कारणं मी शोधली होती: सांगूनही मासे परत येणार नव्हते, नवे काप इंदूरला होणारच होते, बायकोचा वेळ जायचा तेवढा गेलाच होता. ही सगळी कारणं खरी होती. बातमीदाराला माहीत असतं की खरी वाक्यं जोडूनही खोटी बातमी होते.

विसाव्या सकाळी बाबा दाराशी आले तेव्हा चप्पल घातलेली नव्हती. हातात अर्धा कागद होता.

"हे जरा पाहून दे. तुमच्या छोट्या जाहिरातीत टाकायचंय. तुझं काम आहे हे."

तुझं काम आहे हे. त्यांनी मला दिलेलं ते पहिलं काम होतं. कागदावर हिंदीत, त्यांच्या लेबलं लिहायच्या सुबक अक्षरात, लिहिलं होतं: 'माइक्रोटोम, चालू हालत में, ज़रूरतमंद विद्यार्थी को देना है. कारण, अब हाथ स्थिर नहीं.'

त्यांच्या मागे टेबल दिसत होतं. पातं तेलाच्या फडक्यात गुंडाळून सुतळीने बांधलेलं होतं. आईचा टॉवेल धुऊन, घडी करून शेजारी ठेवला होता.

मी दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं, लांबी बरोबर होती. एक माहिती चूक होती, आणि ती चूक आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं. रोज मी अशी चूक सापडली की त्या ओळीखाली रेघ मारतो आणि बातमीदाराला बोलावतो.

"कारण चुकीचं आहे," मी म्हटलं.

"काय चुकलं? 'स्थिर' ऱ्हस्वच असतो."

"हाताचं नाही ते. माझ्या खोलीत मशीन होती. मच्छरांची. पंपाच्या शेजारी. रोज रात्री चालू असायची."

ते खिडकीकडे वळले. बोर्ड तिथेच होता आणि मशीनही. बाटली आता निम्मी होती. त्यांनी वाकून ती पाहिली, बोटाने खिडकीच्या चौकटीपर्यंतचं अंतर मोजलं. वीतभर.

"बेटा!" ते ओरडले. "बेटा, इकडे ये! काप बरोबर आहेत!"

बायको ओले हात घेऊन आली. मी पुन्हा सगळं सांगितलं, दुकानदारासकट. ती बोर्डापाशी खाली बसली.

"कळलं कधी तुम्हाला?"

"एकोणीस दिवस झाले."

"एकोणीस." ती उठली. "म्हणजे मी इंदूरच्या चकरा मारत होते, बाबा रोज हात धरून बसत होते, आणि तुम्ही पोहे खात होता."

"हो."

"मजा आली?"

"आली," मी म्हटलं.

ती काही तरी फेकेल असं वाटलं. तिने हात पदराला पुसले आणि बाहेर जाऊन गॅलरीत उभी राहिली. टब उपडे करून भिंतीला लावलेले होते. बाबांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ते काचपट्ट्यांची पेटी काढून बसले होते. एकेक पट्टी उजेडासमोर धरून ते स्वतःशी बोलत होते. "प्रेसवाले उगाच नाही येत. बोलावल्याशिवाय नाही येत ते. मी म्हणत होतो." ते असं कधीच म्हणाले नव्हते. पण चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता, आणि तो माझ्यामुळे झाला होता, आणि त्यात मी कुठेच नव्हतो.

मग त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"मासे वर येत होते का? सकाळी?"

हा प्रश्न बायकोने विचारला नव्हता. मलाही तो येईल असं वाटलं नव्हतं. बायको दारात आली.

"येत होते," मी म्हटलं.

"केव्हापासून?"

"नवव्या दिवसापासून. आठला वर असायचे, दहापर्यंत खाली जायचे. तोंड उघडं. एखादा झटका देऊन भिंतीवर जायचा."

"रोज?"

"रोज."

"आणि बोलला नाहीस."

"मला कोणी विचारलं नाही, बाबा."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. एखादा काप रंगवल्यावर काय निघतंय ते पाहावं तसं. त्यांना शिपाई आठवला का, स्टूल आठवलं का, मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते उठले, दारामागच्या खिळ्यावरून वही काढली आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"लिही. सगळं. मशीन किती वाजता लावायचास, किती वाजता काढायचास. मासे कधी वर, कधी खाली. एक दिवस सोडू नको."

"प्रबंधात जाणार आहे ते," बायको दारातून म्हणाली. आवाज कोरडा होता. "कंट्रोल का टाकून दिला ते लिहावं लागेल मला. नवे मासे आणावे लागतील. चार आठवडे परत. तुमची खोली बदलायची. आणि खाली सही करा. तुमची."

मी खुर्ची ओढून बसलो. नवव्या दिवसापासून सुरुवात केली. तारखा मला आठवत होत्या, त्या दिवसांची पहिली पानं आठवत होती म्हणून. मशीन चालू, सुमारे एक. बंद, आठ. मासे पृष्ठभागावर. पाहणारा, आणि माझं अक्षर.

बाबांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सुतळी सोडली, फडकं उलगडलं आणि पातं चामड्याच्या पट्ट्यावर घासायला घेतलं. एक मेणाचा ठोकळा उरला होता, कंट्रोलचा. तो त्यांनी यंत्रात बसवला.

"मी बघतो किती जाड निघतो ते," ते म्हणाले. "बेटा, पाणी ठेव कोमट."

ती स्वयंपाकघरात गेली, पाण्याचं भांडं घेऊन माझ्या मागून, मला न शिवता, त्यांच्या बाजूला जाऊन बसली. उद्यापासून नऊला माझ्या दाराशी कोणी येणार नव्हतं, ते मला तेव्हाच समजलं. चाक फिरायला लागलं. त्यांचं बोलणं सुरू झालं: तापमान किती, ठोकळा जरा गार आहे, तोंडाची वाफ दे. मी पंधराव्या दिवसापर्यंत आलो होतो. पान भरलं होतं.

मग बोलणं थांबलं. मी मान वर केली नाही. ब्रश कुठे असेल ते मला माहीत होतं.

पानाचा कोपरा माझ्या बोटांत होता. फीत पाण्यावर उतरेपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला.